फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि त्यांनी घडविलेल्या बायका

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मंडळाच्या रुग्णसाहाय्य विभागाचे काम पुष्कळ वर्षे पाहिले, एवढीच माझी पात्रता. लेखणीपेक्षा शेकायची पिशवी आणि बेडपॅन यांच्याशीच माझा संबंध जास्त. पण मग वाटले, की या कामात माझ्या हातून झालेली एक चूक एकदा सांगून टाकावी, आणि ती चूक ज्या बाईंच्या चरित्राने माझ्या पदरात घातली त्या बाईंची सर्वांना ओळख करून द्यावी.

चूक अशी. विभागाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे. चाकांची खुर्ची कोणाकडे आहे, पाण्याची गादी कधी परत यायची, हे माझ्या डोक्यात. कोणत्या आजोबांना चहा बशीतूनच लागतो, कोणत्या आजींना अंग पुसताना दार लावून घेतलेले हवे असते, हेही माझ्याच डोक्यात. वहीत एक अक्षर नाही. माझ्यावाचून विभागाचे पान हलत नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. एके वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने परगावी गेले आणि किल्ली पिशवीतून तशीच माझ्याबरोबर गेली. मागच्या गल्लीतील एक गृहस्थ त्याच सुमारास अंथरुणाला खिळले. त्यांना पाण्याची गादी हवी होती. कुलूप फोडायचे की नाही हे कोणी ठरवायचे, यातच पाच दिवस गेले. तोवर त्यांच्या पाठीला जखम झाली, आणि ती भरून यायला पुढे दोन महिने लागले. मी परत आल्यावर त्यांना भेटायला गेले. त्यांच्या पत्नी मला एक शब्दही लागेल असा बोलल्या नाहीत. त्यांनी चहा केला. तो चहा माझ्या घशाखाली कसा उतरला ते माझे मला ठाऊक.

त्यानंतर काही दिवसांनी वाचनालयातून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र आणले. शाळेच्या पुस्तकातली हाती दिवा घेतलेली बाई, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख होती. चरित्र वाचून संपविले तेव्हा दिवा बाजूलाच राहिला आणि बाईंचे निराळेच रूप मनात बसले.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून तिचे नावही तेच ठेवले. आईवडील श्रीमंत इंग्रज, त्या वेळी प्रवासात होते. थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. इंग्लंडात त्यांची दोन मोठी घरे होती, नोकरचाकर होते, पाहुण्यांची सदा वर्दळ असे. वडिलांनी दोघी मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सला ओढ गणिताची. मुलीला गणित कशाला, असे आईला वाटे. पण तिने हट्ट सोडला नाही.

सोळाव्या वर्षी, १८३७ साली, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे असे तिला वाटले. सेवा कोणती, ते कळायला पुढे कित्येक वर्षे गेली. आसपासच्या खेड्यांतील आजारी माणसांकडे ती जाई, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आले, की मायेने उशाशी बसणे निराळे आणि शुश्रूषा येणे निराळे. ती शिकावी लागते. १८४५ साली तिने सॅलिसबरीच्या रुग्णालयात काही महिने राहून शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात आकांत झाला. त्या काळी रुग्णालयात काम करणाऱ्या बायका बहुतेक न शिकलेल्या, तुटपुंज्या पगाराच्या, आणि दारूच्या व्यसनासाठी बदनाम झालेल्या. चांगल्या घरच्या मुलीने तेथे पाऊल टाकणे म्हणजे घराण्याला काळिमा. परवानगी मिळाली नाही. रिचर्ड मंक्टन मिल्न्स नावाचे विद्वान आणि सज्जन गृहस्थ तिच्यासाठी काही वर्षे थांबले होते. तिलाही ते आवडत. पण संसारात पडलो तर काम राहून जाईल, म्हणून १८४९ साली तिने त्यांना नकार दिला. हा नकार तिला सोपा गेला नाही.

अखेर १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कायझरस्वर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांच्या संस्थेत तिला तीन महिने शिकायला मिळाले. १८५३ साली लंडनमध्ये हार्ले स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. आजारी पडलेल्या, पण पैसा नसलेल्या सुशिक्षित स्त्रियांसाठी ते होते. आता यापुढे मी त्यांना बाईच म्हणते.

या घरात बाईंनी पहिल्याने काय केले? गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर नेले. जेवण वर चढविण्यासाठी पाळणा बसविला. कोणत्या रुग्णाने घंटा वाजविली ते परिचारिकेला चटकन दिसावे अशी योजना केली. म्हणजे परिचारिकेचे पाय जिन्यात झिजण्याऐवजी तिचा वेळ रुग्णाजवळ जावा. व्यवस्थापक मंडळींना तेथे फक्त आपल्याच पंथाच्या स्त्रिया घ्यावयाच्या होत्या. बाईंनी बजावले, की कॅथलिक व ज्यू स्त्रियांनाही घ्यावे, त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंना भेटीस येऊ द्यावे, नाही तर मी हे काम घेत नाही. त्यांचे म्हणणे मान्य झाले. रुग्ण कोणत्या घरचा, कोणत्या देवाचा, हे त्याच्या आजारातून वगळता येत नाही, ही समज त्यांना आधीपासूनच होती.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रीमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंना तिकडे जाण्याची विनंती केली. ३८ स्त्रिया बरोबर घेऊन त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. मैलोगणती पसरलेल्या खाटा, तुंबलेली गटारे, उंदीर, उवा. ना पुरेसे सदरे, ना पेले, ना साबण. आणि डॉक्टरांना बायकांची लुडबूड नको होती. येथे बाईंचा संयम पाहण्यासारखा आहे. डॉक्टरांनी बोलाविल्यावाचून एकाही रुग्णाला हात लावावयाचा नाही, असा त्यांनी आपल्या बायकांना हुकूम दिला. बायका चिडल्या, काहींना ते निष्ठुरपणाचे वाटले. पण त्या पट्ट्या फाडत, उशा शिवत बसून राहिल्या. थोड्याच दिवसांत जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनी आपण होऊन हाक मारली.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. धोब्याची व्यवस्था, स्वच्छ कपडे, रुग्णांना सोसेल असे अन्न. रात्री तुर्की घडीचा कंदील घेऊन बाई खाटांमधून फिरत. चित्रात दाखवितात तसा अरबी गोष्टींतला दिवा तो नव्हता. मरणाऱ्या सैनिकांची पत्रे त्यांनी घरी लिहिली, जिवंत असलेल्यांचे पैसे त्यांच्या कुटुंबांना पोहोचविले. दारूत पगार उडविणारा शिपाई घरी पैसे पाठवील यावर वरिष्ठांचा विश्वास नव्हता. बाईंनी त्याला माणूस समजून विचारले, आणि त्याने पाठविले.

पण एवढे करूनही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील रुग्णांपैकी शेकडा ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या आरोग्य समितीने गटारे साफ केली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ वर आले. बाई परत आल्यावर आकडेशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर त्यांनी सगळे आकडे मांडले, तेव्हा हे सत्य त्यांच्यापुढे उभे राहिले. जखमांपेक्षा घाणीने आणि गर्दीने माणसे जास्त मेली होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोर मेली होती. सारे इंग्लंड त्यांना देवी मानत होते, अशा वेळी त्यांनी ते आकडे झाकले नाहीत. रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

युद्धात जडलेल्या तापाने बाईंची प्रकृती कायमची ढासळली. पुढची कित्येक वर्षे त्यांनी बहुतेक काम बिछान्यातूनच केले. लोकांनी त्यांच्या गौरवार्थ सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून जून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. मला वाटते, बाईंचे खरे काम येथून सुरू झाले.

शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, कपडे फुकट, वर वर्षाला १० पौंड. प्रत्येक मुलीला झोपायला स्वतःची खोली. जखम बांधणे, अंथरूण न हलविता चादर बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे, आजाऱ्याचे जेवण रांधणे, नाडी, झोप, भूक यांची नोंद ठेवणे, असे सगळे वॉर्डात प्रत्यक्ष शिकावयाचे. दर महिन्याला मुलीच्या कामाची आणि वागणुकीची नोंद होई : वेळ पाळते का, विश्वासू आहे का, शांतपणे वावरते का. काही सुशिक्षित मुली खास मुख्य परिचारिका होण्यासाठी घेतल्या जात. आणि एक गोष्ट बाईंनी पक्की ठरविली होती. परिचारिकांची प्रमुख परिचारिकाच असावी, मेट्रन. तिच्या हाती अधिकार असावा आणि जबाबदारीही. अधिकार नसलेल्या बाईला कितीही कळवळा असला तरी तिच्याने रुग्णाची खिडकीसुद्धा उघडवत नाही.

त्याच सुमारास त्यांचे शुश्रूषेवरील छोटेसे पुस्तक निघाले. ते त्यांनी परिचारिकांसाठी म्हणून लिहिले नाही, घरोघरच्या बायकांसाठी लिहिले. रुग्णाशी बोलताना त्याला मान वळवावी लागेल असे मागे उभे राहू नये, समोर बसावे. त्याच्या खाटेला टेकू नये. दाराबाहेर कुजबुजू नये, कारण आतला माणूस ती आपल्याविषयीच समजतो. झोप चांगली लागली का असे मोघम विचारू नये, किती वाजता लागली, किती वाजता मोडली, ते विचारावे. काही होत नाही हो, लवकर बरे व्हाल, अशी पोकळ आशा देऊन त्याला एकटे पाडू नये. एखाद्याला अकरा वाजता अन्न जात नसेल तर साडेदहाला जाईल का ते पाहावे. पण त्या पुस्तकातले एक प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. त्यात बाई सांगतात, की तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था केली नाही, तर तुमची सारी सेवा फुकट आहे. सगळे आपणच करणे हे पुढारीपण नव्हे. प्रत्येकीकडून तिचे तिचे काम होईल असे पाहणे हे पुढारीपण. माझ्या कमरेची किल्ली मला त्या क्षणी फार जड झाली.

भगिनींनो, बाईंची थोरवी मला याहून पुढे पटली. त्यांनी जे लिहिले ते त्यांना स्वतःलाही लगेच साधले नाही. ॲग्नेस जोन्स ही त्यांची फार लाडकी शिष्या. १८६५ साली ती बारा परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या गरीबखान्याच्या रुग्णालयात गेली. ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा शेकडो रुग्णांची तिने सोय लावली, पण सगळा भार एकटीने ओढला. १८६८ साली टायफसने ती गेली, वय अवघे पस्तीस. तिची जागा घेईल अशी बाई तयार नव्हती, आणि तिच्यामागे ते काम सावरणे फार कठीण गेले.

दुसरा धडा घरचाच. शाळा उत्तम चालली आहे असे धरून बाई दहाएक वर्षे आरोग्याच्या इतर कामांत गुंतल्या. १८७२च्या सुमारास त्यांनी बारकाईने चौकशी केली तेव्हा दिसले, की डॉक्टर व्याख्याने नीट देत नाहीत, मेट्रनबाईंचा कारभार लहरीने चालतो, आणि शिकाऊ मुलींना शिकविण्यापेक्षा राबविले जास्त जाते. जगात जिचे नाव गाजत होते ती त्यांचीच शाळा ही. त्यांनी संस्था मोडली नाही की कोणाला चव्हाट्यावर आणले नाही. नवे डॉक्टर शिकवावयास नेमले. मुलींच्या वसतिगृहात त्यांच्याकडे लक्ष देणारी, शिकलेले पक्के करून घेणारी एक सिस्टर ठेवली. मुलींच्या रोजनिशा स्वतः वाचू लागल्या. एकेकीला आपल्या घरी बोलावून तासन्‌तास बोलत : वॉर्डात काय पाहिले, कोणता रुग्ण आठवतो, का आठवतो. मेट्रन होऊन गेलेल्या मुलींना त्या पत्रे लिहीत, त्या दमल्या की विश्रांतीला बोलावीत, खाऊ आणि फुले पाठवीत. दुसऱ्यांची काळजी घेणारीची काळजी कोणी तरी घेतली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

मग या बायका चहूकडे गेल्या. लूसी ऑसबर्न १८६८ सालीच पाच जणींना घेऊन ऑस्ट्रेलियात सिडनीला गेली होती. अँजेलिक प्रिंगल एडिंबरोच्या मोठ्या रुग्णालयाची प्रमुख झाली. ॲलिस फिशर १८८४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली. अमेरिकेची लिंडा रिचर्ड्स बाईंकडे पाहून-शिकून गेली आणि पुढे जपानमध्ये तिने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले.

बाईंमध्ये दोष नव्हते असे नाही. स्वभाव हट्टी, सहकाऱ्यांना त्या फार पिळून काढीत. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी या मागणीला त्यांनी विरोध केला. मन लावून सेवा करण्याचा गुण परीक्षेत कसा मोजणार, असे त्यांना वाटे. पुढे १९१९ साली इंग्लंडात तो कायदा झालाच, आणि तो हवाच होता. पण त्यांची शंकाही अगदीच खोटी नव्हती.

हिंदुस्थानात बाई कधी आल्या नाहीत, तरी येथील आरोग्य, दुष्काळ आणि खेड्यांची स्वच्छता यांवर त्यांनी चाळीसएक वर्षे अभ्यास केला आणि लिहिले. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिडुमल यांनी लिहिले, त्याला १८९२ साली प्रस्तावना लिहिली ती नाइटिंगेलबाईंनी. याच मलबारी आणि दयाराम यांनी १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले. रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. परिचर्या शिकण्यासाठी त्यांनी आपल्याकडच्या स्त्रियांना, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात धाडले. बाईमाणसाने परक्या रुग्णाला हात लावावा की नाही, यावर आपल्याकडेही त्या वेळी किती काहूर उठले असेल! सॅलिसबरीच्या त्या आकांताचे नाते पुण्याच्या वाड्यांशी असे जुळते.

१९०७ साली बाईंना ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा मोठा बहुमान मिळाला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांच्या पंक्तीत दफन करण्याचे घरच्यांनी नाकारले, कारण बाईंची इच्छाच साधेपणाची होती. ईस्ट वेलो गावच्या चर्चजवळ त्यांची समाधी आहे. तीवर नावही पुरते नाही, फक्त आद्याक्षरे आणि दोन तारखा. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

चरित्र परत केले आणि मी विभागाच्या बैठकीत माझी चूक सांगितली. आता कपाटाच्या तीन किल्ल्या आहेत, तीन घरी. एक वही आहे. तीत कोणती वस्तू कोणाकडे गेली ते एका पानावर, आणि समोरच्या पानावर त्या माणसाविषयी : काय आवडते, काय नको असते, कोणत्या कुशीवर झोपतात, नावाने हाक मारावी की नात्याने. दर दोन महिन्यांनी नवी भगिनी प्रमुख होते, आणि त्या दोन महिन्यांत कुलूप फोडायचे झाले तर ते तिनेच ठरवायचे. पहिल्या खेपेस मी प्रत्येकीच्या मागे मागे सूचना करीत फिरत होते. मग एका तरुण सुनेने मला नम्रपणे खुर्चीवर बसविले. ते बरेच झाले.

मागच्या गल्लीतील ते गृहस्थ पुढे चार वर्षे होते. शेवटच्या आजारात त्यांच्याकडे मी नव्हते, तिघी दुसऱ्या जात होत्या. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी आल्या आणि पाण्याची गादी स्वच्छ धुऊन, घडी घालून परत देऊन गेल्या. त्या मला म्हणून काही बोलल्या नाहीत. पुढच्या बुधवारी मात्र आमच्या बैठकीला येऊन बसल्या, आणि आज वही त्याच लिहितात.

या वर्धापनदिनापासून मी विभागाचे काम सोडीत आहे. काळजी वाटत नाही, असे म्हटले तर खोटे होईल. पण ते माझ्यावाचून चालेल अशी खात्री वाटते, आणि एवढ्या वर्षांत मला मिळालेला हाच सत्कार मी समजते. ज्या भगिनींना हे काम शिकावयाचे असेल त्यांनी कोणत्याही बुधवारी दुपारी चार वाजता मंडळात यावे. येताना काही आणावयास नको. शिकविणाऱ्या पुष्कळ जणी आहेत.